ईजीआरला पत्री मारण्याआधी व्हॉल्व्ह उघडून बघा

डिझेल गाडी पिकअप घेईना, चढाला काळा धूर सोडायला लागली, की बीडपासून नांदेडपर्यंत कुठल्याही गॅरेजात एक सल्ला हमखास मिळतो: "ईजीआरला पत्री मारून टाका, कटकटच मिटली." ईजीआर म्हणजे धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी व्यवस्था (एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन), आणि पत्री म्हणजे तिच्या जोडात दडपलेला पोलादी पत्रा. त्यानं सायलेन्सरकडचा धूर पुन्हा इंजिनात जायचा थांबतो. गाडी खरंच हलकी वाटते, म्हणून सल्ला पसरतो. पण ती हलकी का वाटते हे समजून घेतलं तर पत्रीची गरजच राहत नाही.

ईजीआर व्हॉल्व्ह जळालेल्या धुरातला काही भाग परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, सोडतो. त्यामुळे सिलिंडरमधला ऑक्सिजन कमी होतो, जळणाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, कमी तयार होतात. बीएस म्हणजे भारत स्टेज, प्रदूषणाच्या निकषांचे टप्पे. बीएस-४ डिझेल कारला नॉक्सची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ती ०.०८ वर आली. व्हॉल्व्ह उघडतो तो इंजिन गरम असताना, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) आणि हलक्या पायावर. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की कॉम्प्युटर त्याला बंदच करतो. म्हणजे चांगल्या ईजीआरनं ओव्हरटेकच्या वेळची ताकद खाल्लेली नसते. ताकद खातो तो काजळी अडकून अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्ह. पत्री मारल्यावर जो फरक जाणवतो तो हा उघडा राहिलेला रस्ता बुजल्याचा. व्हॉल्व्ह साफ करून नीट बसवला की तोच फरक मिळतो, आणि चेक लाइटही लागत नाही.

पत्रीनंतर काय होतं? कॉम्प्युटर व्हॉल्व्ह उघडायचा हुकूम देतो, पण हवा मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा हलत नाही. मग कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोड पडतो, पी०४०१ (ईजीआरचा धूर कमी), चेक लाइट लागतो, काही गाड्या ताकदही कापतात. तो लाइट घालवायला मग रिमॅप करा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदला. एका चुकीवर दुसरी. हलक्या पायावर इंजिनाची खडखड वाढते. ज्या गाडीत ईजीआर कूलर आहे ती हिवाळ्यात गरम व्हायला जास्त वेळ घेते. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असा फेरफार बसत नाही, आणि कलम १९०(२) खाली प्रदूषणाचे निकष मोडल्याबद्दल १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. "पीयूसी तर निघते की" हे उत्तर पुरत नाही. पीयूसीच्या यंत्रात डिझेलचा धूर मोजतात, नॉक्स मोजतच नाहीत.

पुढचं सगळं बीएस-३ आणि बीएस-४ गाड्यांसाठी, म्हणजे ढोबळमानानं एप्रिल २०२० च्या आधीच्या. बीएस-६ गाडीत डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) असतो, काहींत ॲडब्लू (नॉक्स कमी करायचं युरियाचं द्रावण) किंवा नॉक्सचा वेगळा कॅटॅलिस्ट, काहींत दोन ईजीआर. ते काम घरच्या अंगणात करू नका.

आधी खात्री करा

काळा धूर दिसला की ईजीआर, असं समीकरण नाही. इंटरकूलरचा (टर्बोनं दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) रबरी होज चिरला तरी काळा धूर येतो, पिकअप जातं आणि बहुतेक वेळा पी०२९९ (टर्बोचा दाब कमी) पडतो. होजच्या खालच्या बाजूला हात फिरवा. चीर खालीच पडते आणि तिथे तेलकट धूळ चिकटलेली असते. एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरा. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ, वर कच्चा रस्ता. पुस्तिकेत २०,००० किलोमीटर लिहिलं असलं तरी फिल्टर १०,००० ला बदलणं शहाणपणाचं. दोन्ही ठीक असतील तरच ईजीआरकडे वळा.

व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर आयडल हलतं, काळा धूर येतो, आणि सिग्नलला पाय सोडला की गाडी बंदही पडते. स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून कोड वाचायच्या यंत्रावर, पी०४०२ (ईजीआरचा धूर जास्त) दिसू शकतो. बंद अडकला असेल तर चालवताना फारसं काही कळत नाही, फक्त पी०४०१ आणि थोडी खडखड. पी०४०३ हा वायरिंगचा कोड. पी०४०४ ते पी०४०६ व्हॉल्व्हच्या हालचालीचे किंवा जागा सांगणाऱ्या सेन्सरचे. कोड पी०४०३ असेल तर ब्रश हातात घेण्याआधी कनेक्टर आणि वायर तपासा. उंदरानं कुरतडलेली वायर कितीही कार्बन काढला तरी जुळत नाही.

सगळ्यात पक्की खूण लाइव्ह डेटात, म्हणजे चालू इंजिनाच्या स्कॅनरवर दिसणाऱ्या आकड्यांत, मिळते. हवेचा आकडा 'मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक' मध्ये लावा. किती यायला हवा हे कागदावर काढता येतं. स्विफ्ट-डिझायरमध्ये वर्षानुवर्षं आलेलं १२४८ सीसीचं इंजिन घ्या. चार सिलिंडर, एकाचं पोट ३१२ सीसी. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच. ३५ अंशांच्या हवेत इथे एका लिटर हवेचं वजन १.०७ ग्रॅमच्या आसपास भरतं. सिलिंडर काठोकाठ भरला तर ३३४ मिलिग्रॅम हवा, पण तो नव्वद टक्के भरतो असं धरा. उत्तर ३०० च्या घरात. २४९४ सीसीच्या इंजिनाला हेच गणित ६०० च्या घरात जातं.

आता इंजिन गरम करून आयडलला ठेवा. ईजीआर चालू असताना आकडा ३०० पेक्षा बराच खाली असतो, कारण सिलिंडरची थोडी जागा धुरानं घेतलेली असते. स्कॅनरच्या ॲक्च्युएटर टेस्टनं व्हॉल्व्ह बंद करा, आकडा चढून ३०० जवळ आला पाहिजे. उघडा, खाली आला पाहिजे. वर-खाली होतच नसेल आणि ३०० लाच थांबला असेल, तर रस्ता बुजलाय किंवा व्हॉल्व्ह बंद अडकलाय. 'बंद'चा हुकूम देऊनही आकडा खालीच राहतोय, तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा एअर फ्लो सेन्सर (हवा मोजणारा) घाण झालाय. सेन्सर आधी साफ करून बघा, पण त्याच्या खास स्प्रेनंच. कार्ब क्लीनर नको, कापूस नको, बोट तर मुळीच नको.

जुन्या गाड्यांत व्हॅक्यूमवर चालणारा व्हॉल्व्ह असतो, त्याला स्कॅनरचीही गरज नाही. आयडलला असताना बारीक नळी काढा आणि हातपंपानं व्हॅक्यूम द्या. इंजिन अडखळलं पाहिजे. नाहीच अडखळलं तर रस्ता बंद आहे. व्हॅक्यूम टिकत नसेल तर आतला पडदा फाटलाय, तो व्हॉल्व्ह साफ करून उपयोग नाही. व्हॉल्व्ह बदलण्याआधी मात्र नळ्या तपासा. आपल्या उन्हात त्या कडक होऊन टोकाला चिरतात, आणि वीतभर नळीच्या दोषापायी चांगला व्हॉल्व्ह भंगारात जातो.

सामान

१०, १२ आणि १३ चे बॉक्स पाने, ५ व ६ च्या एलन की, टॉर्क्सचा सेट, टॉर्क पाना. गंज सोडवणारा स्प्रे. ईजीआर क्लीनर किंवा कार्ब क्लीनरचे ५०० मिलीचे दोन डबे. एक हमखास अपुरा पडतो. पितळी तारेचा ब्रश, जुने टूथब्रश, बांबूच्या दोन-तीन काड्या. हातमोजे, चष्मा, मास्क. ही काजळी फुप्फुसात घेण्यासारखी वस्तू नाही आणि नखातून आठवडाभर जात नाही. आणि नवीन पॅकिंग, ते आधी हातात घ्या मगच बोल्टला हात लावा. रविवारी दुपारी व्हॉल्व्ह उघडून बसायचं आणि मोंढ्यातली दुकानं बंद, ही वेळ ओढवून घेऊ नका.

काढणं

काम थंड इंजिनावर. आदल्या संध्याकाळी बोल्टवर गंजाचा स्प्रे मारून ठेवा. सकाळी किल्ली काढून दहा मिनिटं थांबा, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो. वरचं कव्हर आणि हवेचा डक्ट निघाला की व्हॉल्व्ह दिसतो. एका बाजूनं एक्झॉस्टचा पाइप किंवा कूलर, दुसऱ्या बाजूनं इनटेक, डोक्यावर मोटरचं काळं प्लास्टिक. कनेक्टरची खिट्टी दाबूनच ओढा. उष्णतेनं ती बिस्किटासारखी झालेली असते.

कूलंटचे होज व्हॉल्व्हलाच जोडलेले असतील तर खाली स्वच्छ टब ठेवून लिटर-दोन लिटर कूलंट काढून घ्या. कूलर वेगळा असेल तर या भानगडीत पडायची गरज नाही.

बोल्ट एका झटक्यात सोडू नका. पाव वेढा सोडा, थोडा परत आवळा, पुन्हा सोडा. एक्झॉस्टच्या बाजूचा बोल्ट पान्याखाली चिक्कट, रबरासारखा फिरायला लागला तर थांबा. तो सुटत नाहीये, तो पिळला जातोय. पुन्हा स्प्रे, अर्धा तास, आणि तरी नाही तर लेथवाल्याकडे. तुटलेला स्टड ॲल्युमिनियममधून काढायचा खर्च अख्ख्या सफाईच्या कितीतरी पट होतो.

व्हॉल्व्ह निघाला की इंजिनाच्या तोंडात लगेच स्वच्छ फडकं कोंबा, आणि किती फडकी कोंबली ते बॉनेटवर खडूनं लिहा. हसण्यासारखं वाटेल, पण आत राहिलेलं फडकं इंजिन सुरू होताच ओढलं जातं.

साफ करणं

पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो. चार बोटं जाऊ शकतील अशा तोंडात करंगळीही जेमतेम जाते. वरचा थर कोरडा, चुलीच्या धुराड्यासारखा. बोट लावलं की भुगा. त्याच्या खाली मात्र ओला, डांबरासारखा चिकट थर. नुसत्या धुरानं एवढं चिकट होत नाही. इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारी तेलाची वाफ इनटेकमध्ये धुराला भेटते आणि दोघांचं डांबर होतं. ओला थर जाड दिसला तर दोष ब्रीदरकडे किंवा टर्बोच्या सीलकडे शोधा, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा तेच काम. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर भरलेलं असलं तरी असंच होतं.

आधी कोरडी काजळी बांबूच्या काडीनं खरवडून पिशवीत टाका. मग व्हॉल्व्ह असा धरा की मोटर वर आणि तोंड खाली राहील, आणि फक्त तोंडाकडून स्प्रे मारा. मोटर आणि कनेक्टरमध्ये क्लीनर शिरला तर व्हॉल्व्ह गेला. अख्खा व्हॉल्व्ह बादलीत बुडवणारे महाभाग आहेत. त्यांना पुढच्या आठवड्यात नवीन घ्यावा लागतो. वीस-तीस मिनिटं मुरू द्या, टूथब्रशनं घासा, पुसा, पुन्हा स्प्रे. तीन-चार फेऱ्या लागतात. पितळी ब्रश व्हॉल्व्हच्या पोकळीच्या भिंतींना चालतो, पण जिथे झडप टेकते त्या सीटला नको. तिथे ओरखडा पडला की धूर कायमचा गळत राहतो. ड्रिलला लावायचा पोलादी ब्रश तर दूरच ठेवा.

मोटरवाल्या व्हॉल्व्हचा दांडा स्क्रू ड्रायव्हरनं जबरदस्तीनं ढकलू नका, आत प्लास्टिकचे दाते असतात. हलवायचाच असेल तर कार्बन सुटल्यावर अंगठ्यानं हळू दाबा. स्प्रिंगनं परत आला पाहिजे.

कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, आणि खाताना हायड्रोजन सोडतो. संडास साफ करायचं ॲसिडही तसंच. पेट्रोल स्वस्त आहे, पण बंद शेडमध्ये त्याची वाफ आणि एक ठिणगी एवढंच पुरतं. डिझेलनं काम होतं, फक्त रात्रभर भिजवावं लागतं.

झाल्यावर बंद झडपेवर चमचाभर डिझेल ओता. मिनिटाला एखादा थेंब पाझरला तर चालतं. धार लागली तर सीटवर कार्बनचा खडा राहिलाय, किंवा सीटच खराब झालीये.

इनटेकच्या तोंडातही बॅटरी मारून बघा. थर तीन-चार मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइपांचा भाग) उतरवूनच साफ करायचा. जागेवर खरवडलं तर खडे खाली सिलिंडरकडे जातात आणि एखादा इंजिनाच्या व्हॉल्व्हखाली अडकतो. थर पातळ असेल तर व्हॅक्यूम क्लीनरची नळी शेजारी धरून खरवडा.

इंजिन चालू ठेवून इनटेकमध्ये स्प्रे मारायचे व्हिडिओ खूप फिरतात. डिझेल इंजिनाला ते करू नका. डिझेल इंजिनाला हवेतून आलेलं काहीही जळण चालतं, आणि त्यावर कॉम्प्युटरचा ताबा नसतो. जास्त गेलं तर आरपीएम आपोआप चढतो आणि किल्ली काढूनही इंजिन थांबत नाही.

कूलर आणि बोअरचं पाणी

बोअरच्या पाण्याची पांढरी खपली आपल्या बादल्यांना आणि गिझरला चढते, तशीच ती ईजीआर कूलरच्या बारीक वाटांतही चढते. रेडिएटरमध्ये जारचं नाही तर सरळ हापशाचं पाणी टाकलं की हे ठरलेलंच. मग धूर नीट थंड होत नाही, व्हॉल्व्ह जास्त गरम होतो, आणि शेवटी कूलर फुटतो. खूण अशी: कूलंट कमी होतंय पण जमिनीवर थेंब नाही, सकाळी पांढरा धूर, व्हॉल्व्हच्या तोंडात काजळीऐवजी पांढरट चिखल. असा कूलर साफ करत बसू नका, बदला. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. शंका असेल तर कूलर काढून त्याची पाण्याची बाजू बंद करा, एक बार हवा भरा आणि बादलीत बुडवून बुडबुडे बघा. पुन्हा भरताना कूलंट आणि डीमिनरलाइज्ड पाणी अर्धं-अर्धं.

बसवणं

दोन्ही तोंडांवरचं जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीनं काढा. फडकी बाहेर काढा आणि बॉनेटवरच्या आकड्याशी ताडून बघा. नवीन पॅकिंग कोरडंच बसवा. एक्झॉस्टच्या बाजूला सिलिकॉन लावायची सवय असते, ते तिथे जळून जातं आणि चिटकलेले तुकडे आत पडतात. बोल्टच्या आट्यांना तांब्याचं ग्रीस बोटभर. आधी सगळे हातानं फिरवा, मग कोपऱ्यासमोरचा कोपरा या क्रमानं आवळा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा आकडा मिळाला तर तोच धरा. नाहीच मिळाला तर एम८ (८ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला २० ते २५ न्यूटन-मीटर आणि एम६ ला ८ ते १०. ॲल्युमिनियमच्या आट्या एकदा गेल्या की गेल्या.

कूलंट काढलं असेल तर भरून हवा काढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून. बॅटरी जोडा, किल्ली चालू करून मिनिटभर थांबा. बऱ्याच गाड्यांत व्हॉल्व्ह घुर्रर करून स्वतःची बंद जागा मोजून घेतो. स्कॅनरमध्ये 'ईजीआर लर्न' किंवा 'अडॅप्टेशन रीसेट' असेल तर तेही करा. नाहीतर कॉम्प्युटर जुन्या, काजळी धरलेल्या जागेलाच 'बंद' समजतो आणि साफ व्हॉल्व्हवरही पी०४०४ पडतो. हे राहून जातं म्हणून "साफ करून काही फरक पडला नाही" असं ऐकू येतं.

कोड पुसा, गाडी सुरू करा. जोडातून फुसफुस ऐकू येतेय का बघा. गळत असेल तर दोन दिवसांत पॅकिंगच्या कडेला काळी रेघ उमटते. मग गाडी मोकळ्या रस्त्याला काढा. संभाजीनगर-जालना किंवा धुळे-सोलापूर महामार्गाचा कुठलाही मोकळा टप्पा पुरतो. वीस-पंचवीस मिनिटं चौथ्या गिअरमध्ये, २,००० ते २,५०० आरपीएम. परत आल्यावर मघाचा आकडा पुन्हा लावा. उघड-बंद केल्यावर वर-खाली होत असेल तर काम झालं. तो आकडा, तारीख आणि किलोमीटर सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. वर्षभरानं नुसता आकडा बघून काजळी किती भरली ते कळेल.

काजळी सगळ्यात वेगानं धरते ती गाळप हंगामात. ऊसाच्या ट्रॉलीमागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये तासभर, नाहीतर घर ते दुकान दोन किलोमीटर आणि एसी लावून झाडाखाली आयडल. अशा गाडीचा व्हॉल्व्ह ४०,००० किलोमीटरला उघडून बघा. रोज लांब पळणाऱ्या गाडीला ६०,००० चालतं.

जुनी गाडी घेताना

मराठवाड्यात फिरणाऱ्या सेकंडहँड डिझेल गाड्यांत पत्री आधीच मारलेली असू शकते. ईजीआरच्या जोडात पॅकिंगच्या जागी चकचकीत पत्र्याची कड बाहेर डोकावतेय का ते बॅटरी मारून बघा. बाकी सगळं इंजिन धुळीनं माखलेलं आणि फक्त तिथले दोन बोल्ट नवे, हीही खूण. लाइव्ह डेटात उघड-बंद करूनही हवेचा आकडा जागचा हलत नाही आणि तरीही कोड एकही नाही, तर पत्रीसोबत रिमॅपही झालंय. पत्री काढून नवीन पॅकिंग बसवणं तासाभराचं काम, पण कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत टाकायचा खर्च वेगळा. तो विकणाऱ्याशी आधी बोलून किमतीतून वजा करून घ्या. पत्री काढली की आतला व्हॉल्व्ह बहुतेक वेळा न हलल्यानं चिकटलेला निघतो. तेव्हा त्याच दिवशी क्लीनरचे दोन डबे हाताशी ठेवा.